गटकार्य आणि इंग्रजी संभाषण (सातारा–सांगली)

मराठी माध्यमाच्या वर्गात जोड्या वा लहान गट पाडून इंग्रजी बोलण्याचा सराव घेण्याची पद्धत. राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आले. बोलण्याच्या तासाचा प्रश्न मात्र सुटला नाही. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाला पाळीपाळीने उठवले, तर वाट्याला अर्धे मिनिटच येते. जोड्या केल्या तर दहाच मिनिटांत प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. गटकार्याची खरी जमेची बाजू ही आहे. उत्साह, खेळीमेळी वगैरे नंतरचे.

सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी अध्यापन रुजले. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले, त्या काळात राज्यभरातून शिक्षक कुमठ्याचे वर्ग पाहायला येत. बोलबाला झाला तो मुख्यतः वाचन-गणिताचा. इंग्रजी संभाषणाचे श्रेय त्याला सरसकट देता येत नाही. मुलांनी गोल बसून एकमेकांना विचारत शिकावे, ही सवय मात्र अशा वर्गांतूनच लागते.

गटात मुले मराठीतच बोलतात, हा आक्षेप रास्त आहे. इंग्रजी शिकवण्याच्या बंगळूरच्या प्रयोगात (१९७९–८४) एन. एस. प्रभू यांनीही गटकार्य टाळले होते. एकमेकांचे कच्चे इंग्रजी मुलांत पक्के होईल, ही त्यांची धास्ती. पण दोष बऱ्याचदा कामाच्या आखणीत असतो. ‘प्रदूषणावर चर्चा करा’ म्हटले की हुशार मुलगा लिहितो, बाकीचे बघतात. उलट एकाच्या कागदावर सातारा–कराड–सांगली एसटीच्या वेळा आणि दुसऱ्याच्या कागदावर रिकामे रकाने असले, की ‘व्हॉट टाइम डझ द कराड बस लीव्ह?’ असे विचारल्यावाचून रकाना भरत नाही. वाक्याचा साचा आधी फळ्यावर घोटून घेतला, तर प्रभूंची धास्तीही बरीच कमी होते.

सांगली : इथेही कामाची आखणी अशीच करता येते.

परीक्षा : २०१८-१९ मध्ये दहावीच्या भाषांचे २० अंतर्गत (तोंडी परीक्षेचे) गुण काढले गेले, निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. घसरण केवळ त्यामुळेच, असे म्हणता येत नाही. २०१९-२० मध्ये ते गुण परत आले. तोंडीचे गुण सढळ हाताने दिले जातात, ही तक्रार जुनीच. त्यावर उपाय गुण काढणे हा नव्हे, तर दोघादोघांना समोर बसवून बोलते करणे आणि त्यावरच गुण देणे हा आहे.