बंडल, लाल खूण आणि कमिट

रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर बँकांत लेजर पोस्टिंग मशीन येऊ लागली. त्याआधी मी एका सहकारी बँकेत खतावणीच्या टेबलावर होतो. व्हाउचरचं बंडल यायचं, वर बेरजेची पट्टी बांधलेली. एकेक व्हाउचर खात्यात चढवायचं आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. मध्येच दिवे गेले तरी खूण जागेवर. कंदील आला की खूण नसलेल्या पहिल्या व्हाउचरपासून पुढे. शेवटी बेरीज पट्टीशी जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे.

हीच शिस्त डेटाबेसमध्ये कशी आणायची, यावर सत्तरच्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम चाललं होतं. सिस्टिम आर हा डेटाबेस तिथलाच. तिथले संशोधक जिम ग्रे यांचा आग्रह असा, की व्यवहार एकतर पुरा व्हावा, नाहीतर झालाच नाही असं राहावं. म्हणून आधी लॉगमध्ये नोंद, मग मूळ जागी बदल. हेर्डर आणि रॉयटर यांनी १९८३मध्ये व्यवहाराच्या अशा गुणांना ‘ॲसिड’ हे नाव दिलं. १९९२मध्ये सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी ‘एरीज’ ही पद्धत मांडली: बंद पडलेलं यंत्र उठलं की लॉग वाचून झालेलं पुन्हा करायचं, अर्धवट राहिलेलं उलटवायचं. ग्रे यांना १९९८चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. जानेवारी २००७मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोहून शिडाच्या होडीतून एकटेच समुद्रात गेले आणि परतले नाहीत. ती बातमी वाचून मला घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

कारण त्याच्या तीन वर्षं आधीची एक रात्र. साखर कारखान्याच्या १,१४० कामगारांचा पगार शाखेतून मुख्य कार्यालयाच्या डेटाबेसमध्ये चढवायचा होता. खतावणी सोडून मी आता प्रोग्रॅम लिहायचो; हाही माझाच. ओळीओळीला कमिट, म्हणजे नोंद कायमची पक्की, केलं तर रात्र पुरेना. सगळ्याला मिळून एकच कमिट ठेवलं तर लाइन तुटताच सगळं पुन्हा. म्हणून दर १०० ओळींना कमिट ठेवलं होतं. पडद्यावर ‘६०० झाले’ दिसलं, सातव्या शंभराचा कमिट गेला आणि लाइन पडली. उत्तर आलं नाही, म्हणजे काम झालं नाही, असं मी धरलं आणि ६०१पासून पुन्हा चालवलं. डेटाबेसनं तो कमिट घेतला होता. उत्तर तेवढं वाटेत हरवलं होतं.

१०० जणांना दुप्पट पगार गेला. सकाळी काहींनी पैसे काढलेही. दुपारी एक कामगार जादाचे पैसे रुमालात बांधून काउंटरवर आला. पासबुक पुढे करून म्हणाला, “साहेब, हे आमचं नव्हं.” मला मान वर करता आली नाही.

त्या आठवड्यात मी डेटाबेसच्या टेबलात फाइल क्रमांक आणि ओळ क्रमांक घातले आणि दोन्हींवर मिळून युनिक इंडेक्स लावला. तीच ओळ दुसऱ्यांदा आली तर डेटाबेस घेतच नसे. १०० ओळी एकत्रच कमिट होत असल्यामुळे त्यांतली पहिली ‘आधीच आहे’ म्हणून नाकारली गेली, की ते शंभर झालेले समजून प्रोग्रॅम पुढच्या शंभराकडे जाई. शेवटी फाइलची बेरीज आणि टेबलातली बेरीज ताडून बघायची. लाल खूण आणि पट्टी, दोन्ही परत आली होती.

आज हे काम करणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगणं: लाइन तुटल्यावर प्रोग्रॅम पुन्हा चालवण्याआधी युनिक इंडेक्स आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.