संगीतशिक्षकांचे प्रशिक्षण

संगीतशिक्षकांचे प्रशिक्षण : गायन, वादन व नृत्य या कला इतरांना शिकविण्यासाठी आवश्यक असणारे विशेष शिक्षण. घराण्यांच्या परंपरेत अशी वेगळी तयारी नव्हती. जो गवई तोच गुरू मानला जाई व शिष्य गुरुगृही सेवा करीत, वर्षानुवर्षे ऐकून शिके. मुलांच्या भरल्या वर्गापुढे उभे राहण्याचा प्रसंग अशा गुरूवर येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी संगीत विद्यालये निघू लागली, तेव्हा उणीव भासली ती शिक्षकांची.

विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी ती ओळखली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तयार झालेल्या पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तेथील उपदेशकवर्ग हा भावी शिक्षकांचा वर्ग होय. यातील विद्यार्थी विद्यालयातच राहत. त्यांच्या निर्वाहाचा भार विद्यालय उचली आणि त्याबदली ते नऊ वर्षे शिकण्याचे बंधन पत्करीत. गायनाबरोबर स्वरलेखनाचीही तयारी होई. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, ओंकारनाथ ठाकूर हे पलुसकरांच्या विद्यालयांतूनच पुढे आले. १९१६ मध्ये ओंकारनाथ लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. गवई पिकण्याचे हे वय नव्हे. पण शिक्षकांची निकड तशी होती.

पलुसकरांचा अनुक्रम शिक्षक घडविण्यापासून सुरू होतो, तर वि. ना. भातखंडे (१८६०–१९३६) यांना पिकलेल्या गवयांना शिक्षक करावे लागले. ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयासाठी (१९१८) तेथील काही गवई त्यांच्या पद्धतीचे शिक्षण घेण्यास मुंबईस पाठविण्यात आले. राजाभैया पूछवाले त्यांपैकी एक. कसलेल्या गायकाला पुन्हा विद्यार्थी होणे सोपे गेले नसणार.

उपदेशकवर्गाला खरा अडसर पैशाचा होता. फुकट राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा खर्च मुख्यतः पलुसकरांच्या जलशांवर चाले. १९०८ मध्ये मुंबईस विद्यालय निघाले. त्याच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटले नाही व १९२४ मध्ये ती लिलावात गेली. निवासी प्रशिक्षणाची ती व्यवस्था पुन्हा तशी उभी राहिली नाही. शिष्यांनी स्वतंत्र विद्यालये काढली (देवधर, मुंबई, १९२५, पटवर्धन, पुणे, १९३२). १९३१ मध्ये स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे अभ्यासक्रमात एकसूत्रीपणा आला आणि ‘संगीत विशारद’ ही शिक्षकाची ओळख ठरली. तथापि परीक्षेत उमेदवाराचे गाणे पारखता येते. बेसूर मुलास सुरात आणण्याचे त्याचे कसब क्वचितच.

नृत्यात हे अंतर अधिक ठळक आहे. कथ्थक व भरतनाट्यम् यांना मंडळाच्या परीक्षांत स्थान मिळाले. लावणीनृत्य मात्र फडातच, थोरल्या कलावतीच्या पावलाकडे पाहून शिकले जाई. पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजलेली पवळा ही अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची. तिच्या कलेला कोणत्याही विद्यालयात वर्ग नव्हता.