मावळचें पाणी : एका नव्या साधनाची परीक्षा

इ. स. १७७९ च्या जानेवारींत मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून कार्ल्यावरून तळेगांवीं आली. गांव मराठ्यांनीं आधींच जाळलेला, दाणावैरण नाहींशी केलेली, आणि सभोंवार महादजी शिंदे व हरिपंत फडके यांच्या फौजा. ता. ११ च्या रात्रीं इंग्रजांनीं आपल्या जड तोफा एका मोठ्या तळ्यांत टाकिल्या, सामान जाळिलें आणि ते माघारीं फिरले. वडगांवीं ते कोंडले गेले व तेथें तह करणें त्यांस भाग पडलें. हा प्रसंग सर्वश्रुत आहे. परंतु ज्या तळ्यांत तोफा गेल्या तें कोणतें, त्याचा विस्तार केवढा, ऐन पौषांत त्यांत पाणी किती असे, इकडे वाचकाचें लक्ष सहसा जात नाहीं. आमच्या इतिहासांत स्वाऱ्या, तह व वंशावळी येतात. पाणी येतें तें "नदी उतरून" एवढ्यापुरतेंच.

अशा चौकशीस उपयोगीं पडेल असें एक नवें साधन अलीकडे सिद्ध झालें आहे. संगणकाच्या पडद्यावर पाहावयाचे व पाहणाराच्या इच्छेप्रमाणें बदलणारे हे नकाशे होत. केंद्रीय जल आयोग व भारतीय अंतराळ संशोधन संस्था या दोहोंनीं मिळून तयार केलेली 'इंडिया-डब्ल्यूआरआयएस' ही जलसंपत्तीची नकाशावही २०१० सालीं खुली झाली. तींत नद्यांचीं खोरीं व उपखोरीं, धरणांतील सांठा, पाऊस व विहिरींची पातळी असे निरनिराळे थर एकावर एक चढवितां किंवा काढून घेतां येतात. दुसरी वही युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राची. ती २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. लँडसॅट उपग्रहांनीं १९८४ पासून २०१५ पर्यंत घेतलेलीं सुमारें तीस लक्ष चित्रें तपासून सबंध पृथ्वीवर कोठें व किती वेळां पाणी दिसलें हें तींत रंगानें दाखविलें आहे. जेथें पाणी नेहमीं आढळलें तेथें गर्द निळा, जेथें क्वचित् आढळलें तेथें फिकट तांबूस. पुढील वर्षांचीं चित्रेंही मागाहून तींत घातलीं गेलीं.

मावळच्या अभ्यासकास ह्यांतील खोऱ्यांचा थर सर्वांत आधीं आकर्षितो, आणि तें सकारण आहे. तालुक्याच्या नकाशांत मावळ हा एक वेडावांकडा तुकडा दिसतो. खोऱ्यांचा थर चढविला कीं तोच मुलूख आपल्या जुन्या नांवांप्रमाणें उलगडतो. दक्षिणेस पवनेचें पवन मावळ, मध्यें इंद्रायणीस मिळणाऱ्या कुंडलिकेच्या अंगानें नाणे मावळ, उत्तरेस आंद्रा नदीचें आंदर मावळ. दोहोंचीं नांवें नद्यांवरून, तिसऱ्याचें नाणे गांवावरून. पण तिन्हींची हद्द पाणलोटाची. कार्ल्याच्या लेण्यांतील शातवाहनकालीन लेखांत जो 'मामाल' प्रदेश येतो, तोच आजचा मावळ असें विद्वान् मानतात. म्हणजे नदीच्या खोऱ्यास राज्यकारभाराचा घटक मानण्याची चाल येथें बरीच जुनी असली पाहिजे. १७७९ ची इंग्रजी फौज ज्या वाटेनें आली ती इंद्रायणीच्या खोऱ्याची वाट. पुढें आगगाडी त्याच खोऱ्यानें गेली आणि तिच्या मागोमाग मोटारींचे हमरस्तेही. ही गोष्ट बखरी वाचून कळते खरी, पण पडद्यावर ती एका दृष्टिक्षेपांत पटते.

इतकें श्रेय दिल्यावर साक्षीदाराची उलटतपासणी करणें हें आमचें काम आहे. बखर कोणीं, केव्हां व कोणासाठीं लिहिली हें आम्ही विचारतों. तेंच नकाशासही विचारलें पाहिजे. उपग्रहाची ही साक्ष १९८४ पूर्वींची नाहीं. शिवाय आषाढ-श्रावणांत, जेव्हां लोणावळ्याच्या डोंगरांवर पाऊस कोसळत असतो व ओढ्यांस पूर असतात, नेमक्या त्याच वेळीं ढगांमुळें ह्या साक्षीदाराचे डोळे झांकलेले असतात. लोणावळ्यास वर्षास सरासरीनें चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून अवघ्या तीसेक किलोमीटरांवर असलेल्या तळेगांवास त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पडत नाहीं. ह्या फरकावरच मावळचें सर्व जीवित उभें आहे, आणि ऐन पावसाळ्यांतलें पाणी चित्रांत सर्वांत कमी उमटतें.

दुसरें न्यून बारीकपणाचें. चित्राचा एकेक ठिपका जमिनीवर तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद असतो. भाजें येथें लेण्यांच्या ओळींत खडकांत खोदलेली पाण्याची पोढी आहे. ती कौशिकीपुत्र विष्णुदत्त नांवाच्या महारठीनें दान दिली, असा लेख तिच्यावर कोरलेला आहे. मावळांत दात्याच्या नांवासह उल्लेखिलेल्या अत्यंत जुन्या पाणवठ्यांपैकीं हा एक होय. लोहगड व विसापूर हे किल्ले तर टांक्यांच्या पाण्यावरच नांदते राहिले. उपग्रहाच्या वहींत ह्यांपैकीं बहुतेकांचा पत्ता नाहीं. तळेगांवीं गांवतळें व स्टेशनाकडील तळें असे दोन जलाशय पडद्यावर दिसतात; १७७९ च्या तोफांविषयीं नकाशा निर्णय देत नाहीं. तो देण्यास गांवचे जुने कागद व जागेची पाहणीच हवी.

परंतु खरा दोष ह्याहून खोल आहे. नकाशा उभें पाणी दाखवितो. मावळचे तंटे मात्र वाहत्या पाण्याचे आहेत.

वळवणचें उदाहरण घ्या. पडद्यावर वळवण, लोणावळा व शिरोता हे तलाव इंद्रायणीच्या माथ्यावर निळे दिसतात. खोऱ्यांचा थर त्यांस भीमेच्या, म्हणजेच कृष्णेच्या, पोटांत घालतो. जमिनीचा उतार पाहतां तें बरोबरच आहे, कारण इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापुरीं भीमेस मिळते. पण ह्या तलावांचें पाणी तिकडे जातच नाहीं, किंवा थोडेंच जातें. टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें १९११ सालीं वळवणच्या धरणाचें काम आरंभिलें, आणि १९१५ पासून हें पाणी घाटावरून नळांवाटे सुमारें पांचशें मीटर खालीं खोपोलीस उतरून वीज निर्माण करूं लागलें. तेथून तें पाताळगंगेंत व पुढें पश्चिमसमुद्रास जातें. आंदर मावळांतील ठोकरवाडीच्या तलावाचीही तीच कथा. १९२२ पासून त्याचें पाणी भिवपुरीस उतरतें व उल्हास नदीस मिळतें. ज्या थेंबाचा ओढा पंढरपुराकडे होता तो मुंबईच्या गिरण्यांसाठीं कोंकणांत उतरला, आणि खोऱ्याची रेघ मात्र जेथल्या तेथें राहिली. कृष्णेच्या पाण्याविषयींच्या बच्छावत लवादास ह्या वळविण्याची दखल घ्यावी लागली. टाटांच्या सर्व तलावांतून मिळून एका जलवर्षांत ५४.५ टीएमसी व लागोपाठच्या पांच वर्षांत २१२ टीएमसी, ह्याहून अधिक पाणी पश्चिमेस नेऊं नये, असें त्यानें ठरविलें. हे आंकडे निवाड्यांत सांपडतात. निळ्या रंगावरून ते कोणास काढतां येणार नाहींत.

ठोकरवाडी, वळवण, पवना ह्या सर्वांस उपग्रहाची वही 'कायमचें पाणी' म्हणते. तिच्या दृष्टीनें तें खरें आहे, कारण तिची आठवण १९८४ ला सुरू होते. पण ठोकरवाडीच्या पाण्याखालीं आंद्रेच्या कांठची लागवडीची जमीन आहे, आणि पवना धरण १९७२ च्या सुमारास पुरें झालें तेव्हां पवन मावळांतील गांवांच्या जमिनी बुडाल्या. शेजारच्या मुळशी पेट्यांत १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह झाला म्हणून तेथील बुडित जमिनीचें नांव इतिहासांत राहिलें. सेनापति बापट मुळशीचे म्हणूनच ओळखले गेले. पवनेच्या तलावांत उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं वाघेश्वराचें जुनें दगडी देऊळ उघडें पडतें. वहींत त्या कांठाचा निळा रंग किंचित् फिका असेल एवढेंच.

ह्याच पवनेच्या पाण्यावरून आमच्या काळांत रक्त सांडलें. धरणाचा सांठा सुमारें साडेआठ टीएमसी. त्यांतून सोडलेलें पाणी नदीनें वाहत रावेतपर्यंत जाई व तेथें पिंपरी-चिंचवडकरांसाठीं उचललें जाई. वाटेंत दोन्ही कांठच्या शेतांस त्याचा लाभ होई. पुढें तेंच पाणी धरणापासून बंद नळानें थेट निगडीस न्यावें अशी योजना निघाली. शहराच्या बाजूनें पाण्याची नासाडी व घाण टळेल असें म्हणणें होतें. आपली नदी कोरडी पडेल असें कांठच्या शेतकऱ्यांचें भय होतें. ता. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें द्रुतगति मार्गावर आंदोलन झालें, पोलिसांनीं गोळीबार केला, व त्यांत एक स्त्री व दोन पुरुष असे तिघे शेतकरी मृत्यु पावले. बऊर हें वडगांवाहून फार दूर नाहीं. आतां नकाशांत पवना पाहावी: उगमापासून दापोडीच्या संगमापर्यंत एकसारखी निळी रेघ. नळ झाला काय किंवा न झाला काय, रेघ तीच राहील. तीन माणसें ज्या फरकासाठीं मेलीं तो दाखविण्याची सोय तींत नाहीं.

म्हणून हें साधन टाकून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. उलट अधिक हातांनीं तें वापरलें जावें. अशा वहींत आपले थर चढवितां येतात ही तिची खरी योग्यता. सर्व्हे खात्याच्या जुन्या 'सत्तेचाळीस एफ्' ह्या पत्रकांत मावळ येतो. धरणापूर्वींचीं अशीं पत्रकें हल्लींच्या नकाशावर बसवितां येतात. मात्र जुन्या व नव्या मोजणीचा पाया भिन्न असल्यामुळें तीं थोडीं सरकतात, तेव्हां देऊळ, घाटमाथा अशा न हालणाऱ्या खुणांवरून तीं जुळवून घ्यावीं लागतात. त्यांवर भूसंपादनाच्या कागदांतील बुडित सर्व्हे नंबर, लेण्यांतील पोढ्या, किल्ल्यांवरील टांकीं, गांवोगांवचे पाट व विहिरी मांडाव्या. प्रत्येक तलावापुढें त्याचें पाणी कोणत्या समुद्रास जातें तें लिहावें. आरंभ ठोकरवाडीपासून करावा, कारण तेथल्या धरणास शंभर वर्षें उलटलीं असून बुडालेल्या शिवारांचीं नांवें सांगणारीं माणसें दर वर्षीं कमी होत आहेत.