दात्याचें नांव आणि मुलाची खाट



आपल्याकडील एखाद्या जुन्या देवळाच्या पायऱ्या चढतांना पायांखालीं अक्षरें लागतात. पायरी कोणी बसविली, फरशी कोणी घातली, त्यांचीं नांवें दगडांत कोरलेलीं असतात आणि भाविकांच्या पायांनीं तीं हळूहळू झिजत जातात. त्याच देवळांत एक दानपेटी असते. तिच्यांत कोणी किती टाकलें हें देवाखेरीज कोणास ठाऊक नसतें. दानाच्या या दोन्ही रीति आपण सारख्याच मानीत आलों आहोंत. परंतु लोकांच्या वर्गणीवर चालणारी संस्था काढली म्हणजे हा प्रश्न पोथींतला राहत नाहीं, तो रोजच्या व्यवहाराचा होतो. दात्याचे उपकार कसे मानावे? त्याचें नांव लावावें तर कोठें आणि किती मोठें? न लावावें तर पुढच्या वर्षीं वर्गणी कोण देईल? आणि स्वतः फारसें न देतां दुसऱ्यांच्या दारांत उभे राहून जे देणगी मागतात, त्यांचे उपकार कोणत्या वहींत मांडावयाचे?

आज मी या प्रश्नाचा विचार एका बालरुग्णालयाच्या इतिहासाच्या आधारें करणार आहें. तें रुग्णालय लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील होय. लंडनहून निघून शेवटीं आपण परळपर्यंतहि येऊं.

१८४३ सालीं लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांची मोजदाद झाली. एकंदर २३६३ रोगी निघाले. त्यांत दहा वर्षांच्या आंतील मुलें अवघीं २६ होतीं. शहरांत मुलें आजारी पडत नव्हतीं असें मुळींच नाहीं. वर्षाला जे पन्नास हजार मृत्यु होत, त्यांपैकीं सुमारें एकवीस हजार दहा वर्षांखालील मुलांचे असत. म्हणजे स्मशानांत मुलांना जागा होती, रुग्णालयांत नव्हती. पॅरिसमध्यें मुलांसाठीं वेगळें रुग्णालय १८०२ पासून चालू होतें. इंग्लंडमध्यें तसें एकहि नव्हतें.

ही उणीव डॉक्टर चार्ल्स वेस्ट यांच्या मनाला लागून राहिली. लँबेथ भागांतील मुलांच्या एका दवाखान्यांत त्यांनीं काम केलें होतें, आणि केवळ औषधाची बाटली देऊन मुलाला अंधाऱ्या खोलींत परत पाठविण्याचा अर्थ काय, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांच्यासारख्या सहकाऱ्यांनीं त्यांच्यासाठीं शब्द टाकले, प्रतिष्ठितांच्या सभा भरल्या, आणि ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील ४९ क्रमांकाचें घर मिळालें. पूर्वीं तें राजवैद्य रिचर्ड मीड यांचें निवासस्थान होतें. १४ फेब्रुवारी १८५२ रोजीं अवघ्या दहा खाटांनिशीं रुग्णालय उघडलें. तेथें दाखल झालेली पहिली रुग्ण म्हणजे क्षयानें पीडलेली साडेतीन वर्षांची एक मुलगी.

दहा खाटा मांडणें सोपें. दर महिन्याला त्यांचा खर्च चालविणें कठीण. येथें त्या काळची एक पद्धत सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील धर्मादाय रुग्णालयें वर्गणीदारांच्या पैशावर चालत, आणि वर्गणीदाराचे आभार पुष्कळ ठिकाणीं शिफारसपत्रांच्या रूपानें मानले जात. ठराविक गिन्या भरल्या कीं अमुक इतक्या रोग्यांना चिठ्ठी देण्याचा अधिकार त्याला मिळे. वरवर पाहतां यांत गैर कांहीं दिसत नाहीं. परंतु परिणाम असा होई कीं, रोग्यानें प्रथम वैद्य शोधण्याऐवजीं वर्गणीदार शोधावा! ज्याची श्रीमंताशीं ओळख त्याला खाट. ज्याची ओळख नाहीं त्याला रस्ता. विल्यम मार्सडेन नांवाच्या शल्यवैद्याला एका रात्रीं चर्चच्या पायऱ्यांवर एक मरणोन्मुख तरुणी पडलेली आढळली. चिठ्ठीवांचून तिला कोठेंहि जागा मिळेना. त्या अनुभवांतून त्यानें १८२८ सालीं चिठ्ठीविना प्रवेश देणारें रुग्णालय काढलें, तेंच पुढें रॉयल फ्री या नांवानें प्रसिद्ध झालें. दात्याचा गौरव करतांना त्याच्या हातीं रोग्याचें दैव देणें, ही कृतज्ञतेची सर्वांत वाईट तऱ्हा होय. गौरव आणि हक्क यांतील भेद तेथें पुसला जातो.

१८५८ सालीं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचें रुग्णालय पैशाच्या मोठ्या अडचणींत होतें. त्या वर्षीं ९ फेब्रुवारीस फ्रीमेसन्स हॉलमध्यें रुग्णालयाच्या साहाय्यार्थ भोजनसमारंभ झाला आणि अध्यक्षपदीं कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. रुग्णालय उघडलें त्याच वर्षीं आपल्या साप्ताहिकांत त्यावर लेख देऊन त्यांनीं त्याचा पुरस्कार केला होता. भाषणांत त्यांनीं रुग्णालयाचा जमाखर्च वाचून दाखविला नाहीं. एडिंबरोच्या जुन्या वस्तींत, अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांत निजविलेलें एक आजारी मूल त्यांनीं पाहिलें होतें. रडत नाहीं, तक्रार करीत नाहीं, नुसतें टक लावून पाहत आहे, असें तें मूल त्यांनीं श्रोत्यांपुढें उभें केलें. त्या एका रात्रींत तीन हजार पौंडांवर रक्कम जमली. पुढें १५ एप्रिल रोजीं त्यांनीं रुग्णालयासाठींच आपल्या नाताळच्या कथेचें जाहीर वाचन केलें. या पैशांतून शेजारचें घर घेतां आलें व खाटा वाढल्या.

डिकन्स यांना त्या रात्रीं जें साधलें त्यांतच निधि गोळा करणाऱ्याची खरी कामगिरी सांठवलेली आहे. देणारा आणि मूल यांच्यामध्यें शहराचें अंतर असतें, वर्गाचें अंतर असतें, न पाहिलेल्या दुःखाचें अंतर असतें. मागणारा तें अंतर तोडतो. त्याच्या हातून गेलेली रक्कम दुसऱ्याच्या नांवावर जमा होते, पण ती त्याच्यावांचून आलीच नसती.

यापुढची हकीगत मला सर्वांत गोड वाटते. शेफील्डजवळील एका खेड्यांत मार्गारेट गॅटी नांवाची पाद्र्याची पत्नी राहत असे. १८६६ पासून ती 'आंट जूडी' या नांवाचें मुलांचें मासिक चालवी. मासिकाच्या बालवाचकांनीं थेंबें थेंबें पैसे सांठवून या रुग्णालयांतील एक खाट चालवावी, अशी कल्पना निघाली. लंडनच्या मुलांनीं, खेड्यांतल्या मुलांनीं आपल्या खाऊचे पैसे धाडले. मासिकांत या वर्गणीच्या याद्या छापल्या जात, आणि त्या खाटेवरील मुलाची खुशालीहि वाचकांना कळविली जाई. 'आंट जूडीची खाट' अशा रीतीनें उभी राहिली.

या मानण्याच्या पद्धतींत किती शहाणपण आहे पाहा! पेनी देणाऱ्या मुलालाहि छापील पानावर आपलें नांव दिसे. परंतु त्याच पानावर त्याला आजारी मुलाची वार्ताहि दिसे. नांव आणि दुःख एकत्र वाचल्यावर नांवाचा अभिमान फुगत नाहीं. 'अ‍ॅलिस' लिहिणारे लुइस कॅरोल हे या मासिकाचे एक लेखक. १८९८ सालीं ते वारल्यावर त्यांच्या चाहत्यांनीं त्यांचें स्मारक म्हणून याच रुग्णालयांत एक खाट चालविण्यासाठीं निधि जमविला. ज्यानें मुलांना हसविलें, त्याच्या नांवाखालीं आजारी मूल निजावें, याहून उचित स्मारक कोणतें?

पुढें १९२९ सालीं रुग्णालयाला शेजारची जमीन विकत घ्यावयाची होती. त्यासाठीं नेमलेल्या समितींत काम करण्याची विनंति नाटककार जेम्स बॅरी यांना करण्यांत आली. त्यांनीं ती नाकारली. मात्र दुसऱ्या कांहीं मार्गानें मदत करीन म्हणाले. थोड्याच दिवसांत त्यांनीं 'पीटर पॅन' या आपल्या विख्यात नाटकाचे सर्व हक्क रुग्णालयाला देऊन टाकले! १९०४ पासून रंगभूमीवर अखंड लोकप्रिय असलेलें तें नाटक म्हणजे वाहता झरा होता. त्या वर्षाच्या डिसेंबरांत नटसंचानें रुग्णालयांत येऊन मुलांपुढें त्यांतील प्रवेशहि करून दाखविला. बॅरींची अट एकच: या नाटकापासून किती पैसा मिळतो हें कधींहि जाहीर करूं नये. पुढें एका समारंभांत आभाराचा विषय निघाला तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, पीटर पॅन स्वतः एकदां या रुग्णालयांत रोगी होता, आणि ही गोष्ट त्यानेंच आपल्याकडून करवून घेतली!

बॅरी १९३७ सालीं वारले. तेव्हांच्या कायद्याप्रमाणें पन्नास वर्षांनीं, म्हणजे १९८७ अखेर, ग्रंथहक्क संपला. परंतु १९८८ च्या कायद्यांत माजी पंतप्रधान जेम्स कॅलाहान यांच्या सूचनेवरून खास तरतूद झाली आणि ब्रिटनमध्यें या नाटकाचें मानधन रुग्णालयाला कायमचें मिळावें असें ठरलें. १९४८ सालीं रुग्णालयें राष्ट्रीय आरोग्यसेवेखालीं गेलीं, तरी ही देणगी वाहतीच राहिली. बॅरींची अटहि पाळली गेली आहे; रक्कम उघड झालेली नाहीं. येथें दात्याचे उपकार मौन राखून फेडले गेले.

ज्या १९२९ सालीं बॅरींनीं हें दान केलें, त्याच सालीं मुंबईस परळ येथें बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झालें. देणाऱ्या वाडिया कुटुंबानें इमारतीवर नांव घातलें तें आईचें. आजारी मुलाला घेऊन धांवत येणारी कोणतीहि आई दारांत दुसऱ्या एका आईचें नांव वाचते. अशा नांवाचा भार कोणाला वाटत नाहीं.

तेव्हां नांव लावावें कीं नाहीं, हा वादच मुळांत अपुरा आहे. विचारावयाचें तें एवढेंच, कीं त्या नांवामुळें पाहणाऱ्याची नजर कोठें वळते? शिफारसपत्रानें ती दात्याच्या हक्काकडे वळविली; आंट जूडीच्या यादीनें ती खाटेवरील मुलाकडे वळविली. आपल्या संस्थांच्या वार्षिक अहवालांत मोठ्या देणग्यांचीं छायाचित्रें असतात. तेथेंच दोन रुपये देणाऱ्याचें आणि उन्हातान्हांत पावतीपुस्तक घेऊन जिने चढणाऱ्याचेंहि नांव असावें. आणि त्या नांवांशेजारीं, ज्याच्यासाठीं तें सारें केलें त्या मुलाची खुशाली असावी.

ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या रुग्णालयाच्या दाराशीं २००० सालीं एक पुतळा उभारण्यांत आला. तो जेम्स बॅरींचा नव्हे. तो पीटर पॅनचा आहे. आंत जाणाऱ्या मुलांना ओळखीचा वाटेल असा.