टायमिंग बेल्ट बदलल्यानंतरचे इंजिनदोष

टायमिंग बेल्ट हा इंजिनातील क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांना जोडणारा दातेरी रबरी पट्टा होय. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते. हे प्रमाण दात्यांच्या संख्येवर अवलंबून असल्याने खालच्या चक्रास २० दाते असल्यास एका दात्याची चूक क्रँकशाफ्टच्या १८ अंशांइतकी ठरते. पट्टा बदलल्यावर इंजिन थरथरणे, ओढ कमी होणे वा सुरूच न होणे यांमागे बहुधा हीच चूक असते.

तरीही प्रथम काम करताना सुटलेली वायरची जोडणी, निसटलेली हवेची नळी अशा किरकोळ बाबी तपासाव्यात. मारुती ८०० सारख्या जुन्या कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरची ठिणगीवेळही पाहावी. अनेक डिझेल इंजिनांत इंधनपंप याच पट्ट्यावर चालतो; त्याची खूण चुकल्यास धूर व ठोके येतात.

स्टार्टर नेहमीपेक्षा जलद आणि एकसारख्या आवाजात फिरत असेल, तर दाब तयार होत नाही असे समजावे व पुन्हापुन्हा स्टार्ट करू नये. ज्या इंजिनांत झडपा व दट्ट्या एकाच जागेत येऊ शकतात, त्यांत झडपा वाकण्याचा धोका असतो. अशा वेळी प्लग काढून इंजिन पान्याने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे. मध्येच अडथळा जाणवल्यास जोर लावू नये. दोन फेऱ्यांनंतर खुणा न जुळल्यास पट्टा पुन्हा बसवणे भाग असते. जुळणी दुरुस्त करून घेतलेल्या दाबचाचणीत सर्व सिलिंडरांचा दाब पूर्ववत झाला, तर झडपा सुरक्षित आहेत. एखाद्याचाच कमी राहिला, तर त्याची झडप वाकल्याची शंका घ्यावी. ही तपासणी जालना, अंबड वा भोकरदन येथील साध्या गॅरेजातही स्कॅनरवाचून होऊ शकते. स्कॅनर असल्यास पी००१६ हा संकेत दोन्ही शाफ्टच्या विसंगतीकडे निर्देश करतो. मात्र सेन्सर वा वायरमधील दोषानेही तो येतो.

पट्टा अति ताणलेला असल्यास शिट्टीसारखा आवाज येतो, ढिला असल्यास तो आवरणावर आपटतो. ढिला पट्टा वेगात दाते सोडू शकतो. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारसाठी ताशी १२० कि.मी. ही वेगमर्यादा असल्याने, टेन्शनरची तपासणी अशा प्रवासापूर्वीच झालेली बरी.