हिरकणीवाडीचे वजन तीस बाइट

हिरकणीवाडी या शब्दात अक्षरे किती? पाचवीतले मूल बोटांवर मोजून सांगेल: सहा. हि, र, क, णी, वा, डी. हाच प्रश्न सर्व्हरवरच्या पीएचपीला विचारला तर तीन उत्तरे मिळतात. नेहमीचे मोजणीचे फंक्शन म्हणते तीस. बहुभाषिक मजकुरासाठी वेगळे बनवलेले फंक्शन म्हणते दहा, कारण ते काना-वेलांट्या सुट्या मोजते. तिसरे, खास जोडावे लागणारे, म्हणते सहा. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. या फरकामागे तीस वर्षांचा इतिहास आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून या इतिहासाशी माझा रोजचा संबंध. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने इस्की हे मानक काढले. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एका बाइटात मावत होते. पण त्या घरात उर्दूला खोली नव्हती. अरबी-फारसी वळणाच्या लिप्यांसाठी वेगळी व्यवस्था करावी असे ठरले. म्हणजे एकाच पानावर मराठी कविता आणि तिच्याशेजारी उर्दू गझल ठेवणे कठीण.

त्याच वर्षी युनिकोड आले आणि जगातल्या लिप्यांना एका यादीत क्रमांक मिळू लागले. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदावर, यूटीएफ-८ ची रचना मांडली. हिशेब साधा आहे: १२७ पर्यंतच्या क्रमांकाला एक बाइट, २०४७ पर्यंत दोन, त्यापुढे तीन किंवा अधिक. इंग्रजी पहिल्या खणात बसली. अरबी लिपी १५३६ पासून सुरू होते, म्हणून उर्दूला दोन बाइट लागतात. देवनागरी सुरू होते २३०४ पासून. अवघ्या २५६ घरांनी मराठी तिसऱ्या खणात गेली. ‘किताब’ उर्दूत चार अक्षरे, आठ बाइट, मराठीत पंधरा. किताब तीच, वजन जवळपास दुप्पट.

इकडे १९९५ साली रास्मुस लेर्डोर्फ यांनी पीएचपी जाहीर केली. ती अपाची सर्व्हरच्या पोटात मॉड्यूल म्हणून बसू लागली. तिच्या लेखी एक बाइट म्हणजे एक अक्षर. जपानी भाषेचीही यात अडचण होत होती. जपानी प्रोग्रामरनी ‘एमबीस्ट्रिंग’ हा भाग तयार केला आणि २००१ साली तो पीएचपीत आला. आज मराठी नीट मोजतो तोही हाच. मात्र पीएचपी स्वतः कंपाइल करताना तो आपोआप येत नाही, मागून घ्यावा लागतो. २०१९ च्या ७.४ आवृत्तीपासून त्याला लागणारी ‘ओनिगुरुमा’ लायब्ररीही सोबत मिळत नाही. ती आधी बसवलेली नसेल तर कंपाइल अर्ध्यावर थांबते. घाईत माणूस एमबीस्ट्रिंगच वगळतो आणि पुढे जातो. इंग्रजी पाने छान चालतात. मराठी नावे मधेच तुटू लागतात.

अशी एक यादी मी पाहिली आहे. गावाच्या नावासाठी वीस बाइटांची मर्यादा ठेवलेली. अठरा बाइटांत ‘हिरकणी’ मावली, उरलेल्या दोनांत ‘व’ अर्धाच आला आणि त्याच्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटले. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरून आपल्या लेकराकडे गेलेली हिरकणी आपण सांगत आलो. इथे तिची वाडीच कापली गेली. कागदोपत्री गावाचे नाव असे उमटले की मुलांना दाखल्यासाठी फेऱ्या माराव्या लागतात.

मेमरीचे दुखणे याचेच भावंड. पीएचपी अपाचीच्या पोटात असते तेव्हा एका वेळी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे तिची एक प्रक्रिया चालते. मर्यादा सहसा १२८ एमबी. मोठी मराठी यादी एकदम उचलली की ती ओलांडली जाते आणि पान बंद पडते. मग मर्यादा ५१२ करण्याचा सल्ला मिळतो. पण २ जीबीच्या यंत्रावर १२८ च्या हिशेबाने फार तर सोळा पाहुणे मावतात, ५१२ ने चार. निकालाच्या दिवशी चौघांत काय होणार? यादी शंभर-शंभर नावांनी वाचणे हा खरा उपाय.

हा दोष मुळातून काढण्याचा प्रयत्नही झाला. २००५ च्या सुमारास पीएचपी ६ चे काम सुरू झाले. आतला सगळा मजकूर यूटीएफ-१६ मध्ये ठेवायचा होता. त्यात हिरकणीवाडीचे तीसचे वीस बाइट झाले असते. इंग्रजीचे मात्र दुप्पट. शिवाय आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी रूपांतर. मेमरी वाढली, वेग घटला, २०१० साली ते काम सोडून दिले गेले. २०१५ साली थेट पीएचपी ७ आली. ६ कधी आलीच नाही.

मराठीवर हा अन्याय आहे का? मला तसे वाटत नाही. इस्कीत मराठी हलकी होती, पण एकटी होती. यूटीएफ-८ मध्ये तिचे ओझे तिप्पट झाले, पण त्या बदल्यात माझ्या फळ्यावरच्या दोन्ही भाषा एका पानावर आल्या. हा सौदा मला मंजूर आहे. अट एकच: सर्व्हर बसवणाऱ्याने एमबीस्ट्रिंग आहे ना ते पाहावे, मर्यादा बाइटांत नव्हे अक्षरांत ठेवावी, आणि काम संपवण्यापूर्वी एखादे आपल्याकडचे लांब नाव भरून पाहावे. हिरकणीवाडी चालेल, पोलादपूरही चालेल. इंग्रजीतले ‘टेस्ट’ चालणार नाही. ते चारच बाइटांचे आहे, सगळीकडे मावते.