गोवा पावडर : एका मलमाचा प्रवास व त्याचे डाग

ह्या त्रैमासिकांत सनदा, महजर, करीने, शकावल्या यांविषयींचे लेख यावयाचे. त्यांत एका मलमाची हकीकत पाहून वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या द्रव्याच्या नांवांतच गोवा आहे, ज्याच्याकडे औषधशास्त्रज्ञांचें लक्ष मुंबईच्या एका औषधविक्रेत्यानें वेधलें, आणि जें ब्राझीलच्या अरण्यांतून निघून पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आपल्या किनाऱ्यास लागलें, त्याचा इतिहास परका मानण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. दुसरें कारण खासगी आहे. तेंहि सांगून टाकितों. ज्या रोगावर हें द्रव्य अखेरीस लागू पडलें तो सोरायसिस आमच्या अंगावर तीस वर्षांहून अधिक काळ आहे, आणि त्या द्रव्याच्या वंशांतलें औषध आम्हीं स्वतः लावून पाहिलेलें आहे. तेव्हां ह्या प्रकरणीं आम्ही तटस्थ नाहीं, हें ध्यानांत ठेवूनच वाचकांनीं पुढील मजकूर वाचावा.

प्रथम रोगाच्या नांवाविषयीं. सोरायसिस हा शब्द ग्रीक 'प्सोरा', म्हणजे खाज, ह्यावरून निघाला आहे. कातडीवर तांबूस चट्टे उठतात, त्यांवर रुपेरी पापुद्रे साचतात आणि खाजविलें असतां ते कोंड्यासारखे झडतात. कोपर, गुडघा, डोकें, कंबर हीं त्याचीं आवडतीं स्थळें. कित्येकांचे सांधेहि तो धरतो. तो एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. शरीराचें रक्षण करणारी यंत्रणाच बहकते आणि जी कातडी महिनाभरानें जुनी व्हावयाची ती चारपांच दिवसांतच वर ढकलली जाते. रोग दबतो, मिटल्यासारखा होतो आणि पुन्हा उठतो.

आमच्या जुन्या वैद्यकांत तो शोधूं गेल्यास मोठा घोंटाळा होतो. चरकानें चिकित्सास्थानांत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगून त्यांची सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें अशी वांटणी केली आहे. क्षुद्रकुष्ठांतील एककुष्ठाचें लक्षण तो देतो तें असें कीं त्यांत घाम येत नाहीं, तें पुष्कळ जागा व्यापतें, आणि माशाच्या खवल्यांसारखें दिसतें. एवढ्यावरून आजचे बरेच वैद्य एककुष्ठ म्हणजे सोरायसिस असें समीकरण मांडितात. पण सुश्रुताचें एककुष्ठ पाहावें तर त्यांत अंग काळसर तांबडें होतें. खवल्यांचा उल्लेखच नाहीं. दद्रू, ज्याला आपण गजकर्ण म्हणतों, तो चरकाच्या गणनेंत क्षुद्र, तर सुश्रुताच्या गणनेंत महाकुष्ठ. सिध्माची गोष्ट नेमकी उलट. दोघां आचार्यांचें एकमत नसतां आपण एका शब्दावर बोट ठेवून मोकळें व्हावें, हें आम्हांस धाडसाचें वाटतें. निर्विवाद आहे तें इतकेंच कीं कुष्ठ ही त्या ग्रंथकारांची एक मोठी पेटी होती; खरूज, गजकर्ण, पायांच्या भेगा आणि महारोग, सर्व कांहीं तींत सामावत असे.

ग्रंथकारांनीं पेटींत कप्पे केले होते. लोकांनीं कप्पे काढून टाकिले व वरची चिठ्ठी तेवढी ठेविली. ह्याचे परिणाम साधे नव्हते. याज्ञवल्क्यानें अचिकित्स्य रोग्यास पोटगी दिली आहे, पण वांटा नाकारिला आहे. हिंदु विवाहाच्या कायद्यांत महारोग हें घटस्फोटाचें एक कारण म्हणून होतें, तें २०१९ सालीं काढण्यांत आलें. तेव्हां अंगावरच्या चट्ट्यास कोणतें नांव मिळतें ही केवळ कोशकारांची चर्चा नव्हे. युरोपांतहि हीच गोष्ट घडली. लंडनच्या विलन यांनीं १८०८ मध्यें सोरायसिसचें वर्णन चांगलें केलें, परंतु त्याच्या एका रूपास 'लेप्रा' हेंच, म्हणजे महारोगाचें, नांव राहूं दिलें. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनीं तें नांव ह्या रोगावरून १८४१ मध्यें काढिलें.

येथें आमचा एक प्रमाद नोंदविणें प्राप्त आहे. आम्हीं पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. धड्यांत कुष्ठ हा शब्द आला कीं फळ्यावर 'कुष्ठ म्हणजे महारोग' असें लिहून आम्ही पुढच्या शब्दाकडे वळत असूं. १९९३ च्या पावसाळ्यांत आमच्या दोन्ही कोपरांवर पहिले चट्टे उठले. त्यानंतरच्या सरस्वतीपूजनास प्रसाद वांटण्याचें काम, जें दरसाल आमच्याकडे असे, तें एका तरुण शिक्षकाकडे गेलें. मुख्याध्यापक मोठ्या सौजन्यानें म्हणाले, "सर, यंदा तुम्ही विश्रांति घ्या." मुलांच्या रांगेंत आमचे जुने विद्यार्थी पालक म्हणून उभे होते. त्यांना तो शब्द आणि त्याचा अर्थ आम्हींच पाठ करविला होता. पुढें निवृत्त होईपर्यंत आम्हीं भर उन्हाळ्यांतहि आखूड बाह्यांचा सदरा घातला नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकांत गोव्यांत व मुंबईस गजकर्णावर एक पिवळट तपकिरी भुकटी वापरीत असत. ती शिरक्यांत किंवा लिंबाच्या रसांत कालवून चट्ट्यावर चोळावयाची. तिला गोवा पावडर म्हणत. मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनीं १८६४ मध्यें तिच्याकडे लक्ष वेधलें. पुढें १८७४ मध्यें डॉ. जोसेफ फेअरर, ज्यांची बरीच नोकरी कलकत्त्यास झाली होती, त्यांनीं विलायतेच्या वैद्यकीय पत्रांत तिचे गुण वर्णिले. हें वर्णन ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. सिल्व्हा लिमा यांच्या वाचनांत आलें, आणि त्यांस ती वस्तु तत्काळ ओळखूं आली. त्यांच्याकडे तीच भुकटी 'आरारोबा' किंवा 'बाहियाची पावडर' म्हणून विकली जात होती. १८७५ मध्यें त्यांनीं तसें प्रसिद्ध केलें, व गोव्याचें म्हणून गाजलेलें औषध गोव्याचें नव्हे हें ठरलें.

मूळ असें आहे. बाहिया प्रांताच्या दमट अरण्यांत आंजेलीं नांवाचा एक उंच वृक्ष आहे. पुढें वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्यास आंदिरा आरारोबा असें नांव दिलें. जुन्या झाडाच्या गाभ्यांत चिरा व पोकळ्या पडतात आणि त्यांत ही भुकटी सांचते. झाड पाडावयाचें, ओंडके फोडावयाचे, आणि कुऱ्हाडीनें ती खरडून काढावयाची. ताजी असतां ती फिकट पिवळी असते. वारा लागतांच काळवंडत जाते. खरडणाऱ्या मजुरांचे डोळे व तोंड सुजत असे. हा तपशील वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण पुढची सर्व कथा त्यांत बीजरूपानें आहे. बाहियाचा तंबाखू गोव्यास येत असे हें पोर्तुगीज व्यापाराच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. काजू व अननस हेहि तिकडलेच. त्याच व्यापाराच्या वाटेनें ही भुकटी आली असें मानण्यास हरकत नाहीं. माल ज्या पेठेंतून हातीं आला त्या पेठेचें नांव त्यास चिकटावें, ह्यांत नवीन कांहींच नाहीं. आपल्या अंकांस जग अरबी अंक म्हणतें तें ह्याच न्यायानें.

इथवर ती गजकर्णाचेंच औषध होती. सोरायसिसशीं तिची गांठ पडली ती चुकीनें. लंडनचे चर्मरोगवैद्य बालमॅनो स्क्वायर यांनीं गजकर्णाच्या समजुतीनें एका रोग्यास गोवा पावडर दिली. रोग निघाला सोरायसिस, आणि चट्टे गेले. ही गोष्ट १८७६ ची. दोन वर्षांनीं त्यांनीं ह्या उपचारावर एक छोटें पुस्तकच लिहिलें. नांवांच्या घोंटाळ्यानें ह्या रोग्यांचें नुकसान पुष्कळ झालें आहे. फायदा झाल्याचें एवढें एक उदाहरण आम्हांस माहीत आहे, म्हणून तें आनंदानें नमूद करितों.

त्या वेळीं भुकटींतील सत्त्व क्रायसोफॅनिक आम्ल आहे असा समज होता. १८७८ मध्यें लीबरमान व सायडलर यांनीं तें निराळें असल्याचें दाखवून त्यास क्रायसारोबिन असें नांव दिलें. मलमाचा गुण जितका उघड होता तितकाच उपद्रवहि. चट्ट्याभोंवतालची निरोगी कातडी लाल होऊन भाजल्यासारखी होई. बोट चुकून डोळ्यास लागलें तर डोळा सुजे. केंस, नखें, कपडे, अंथरूण यांवर तपकिरी जांभळे डाग पडत व ते धुतल्यानें जात नसत. पहिल्या महायुद्धांत जर्मनीचा समुद्रमार्ग बंद होऊन ब्राझीलचा माल येईनासा झाला, तेव्हां तेथील रसायनकारांनीं क्रायसारोबिनसारखेंच एक द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें. ड्रेस्डेनचे गालेव्स्की व हांबुर्गचे उन्ना यांनीं १९१६ मध्यें त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. तेंच आजचें डिथ्रॅनॉल. रचनेंत दोहोंमध्यें भेद इतकाच कीं क्रायसारोबिनच्या अणुगुच्छावर जो एक मिथिल गट आहे तो डिथ्रॅनॉलमध्यें नाहीं. १९५३ मध्यें लीड्सच्या इन्ग्राम यांनीं डांबराचें स्नान, अतिनील किरण आणि डिथ्रॅनॉलचा लेप असा क्रम घालून दिला, व तो पुष्कळ वर्षें रुग्णालयांतून चालला.

डाग व दाह हे औषधाचे दोष, ते काढले कीं उरेल तो निव्वळ गुण, अशी कोणाचीहि समजूत व्हावी. आमचीहि होती. परंतु ह्या द्रव्याचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होतो, त्यांतून जीं तीव्र द्रव्यें क्षणभर उत्पन्न होतात त्यांनींच कातडीच्या पेशींची बेसुमार वाढ थांबते असें मानितात. दाह त्यांच्यामुळेंच होतो, आणि त्याच संयोगाचा शेवट म्हणजे तो तपकिरी डाग. झाडाच्या गाभ्यांत फिकट असलेली भुकटी वारा लागतांच काळवंडते तीहि हीच क्रिया. कमी दाहक रूपें करून पाहण्यांत आलीं. त्यांचा गुणहि कमी भरला. म्हणजे बाहियाच्या मजुराचे सुजलेले डोळे आणि लंडनच्या रोग्याचे गेलेले चट्टे हीं एकाच कारणाचीं दोन कार्यें होत.

आम्हीं हें औषध १९९६ च्या हिंवाळ्यांत घेतलें. शेंकडा एक दशांशापासून आरंभ. रोज अर्धा तास चट्ट्यावर ठेवावयाचें, मग धुवावयाचें, आणि सोसेल तसें बळ वाढवावयाचें. भोंवतालच्या कातडीवर व्हॅसलीनचें कुंपण. तो अर्धा तास आम्ही न्हाणीघरांतल्या स्टुलावर हात लांब करून बसत असूं. पुस्तकहि धरतां येत नसे. दुसऱ्या आठवड्यांत मांडीजवळ कातडी भाजली. एके दिवशीं नकळत डोळा चोळिला, आणि दोन दिवस अंधाऱ्या खोलींत पडून काढिले. पण पांचव्या आठवड्यांत कोपर स्वच्छ झालें. चट्टा होता तेथें तपकिरी छाप राहिली, ती पंधरवड्यानें उडाली. धोतरांवरची मात्र राहिली. आमच्या कुटुंबानें सोडा, लिंबू, ऊन, सर्व उपाय केले व अखेर म्हटलें, "रोग गेला, पण ह्यानें आपली सही केलेली दिसते." रोग आठ महिन्यांनीं परत आला.

त्यानंतर एका स्नेह्याच्या सांगण्यावरून दुकानांतून स्टेरॉइडचें मलम आणून दोन वर्षें मनसोक्त फांसलें. त्यास वास नाहीं, डाग नाहीं, दाह नाहीं. चट्टे आठवड्यांत जात. त्याचा अपाय दिसत नसे, म्हणून तो आम्ही नाहींच असें समजलों. कातडी कागदासारखी पातळ झाली, दंडांवर रेषा उमटल्या, आणि मलम बंद करितांच पूर्वी कधीं नव्हता इतका रोग अंगभर उसळला. वैद्याच्या देखरेखीखालीं, मोजक्या दिवसांसाठीं हें उत्तम औषध आहे; दोष आमच्या हाताचा.

सोमलाची कथा याहून गंभीर आहे. इंग्लंडच्या फाउलर यांचें सोमलाचें पाणी १७८६ पासून प्रचारांत होतें व सोरायसिसवर तें पोटांत देत. वर्षानुवर्षें घेणाऱ्यांच्या तळहातांवर कठीण गांठी येत, आणि कित्येकांस पुढें कातडीचा कर्करोग होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोनाथन हचिन्सन यांनीं हा संबंध दाखविला. आमच्याकडील रसमाणिक्य हरताळापासून होतें, आणि हरताळांत सोमलाचाच अंश आहे. जुन्या रसवैद्यांनीं शोधनाचे इतके सोपस्कार सांगितले त्यावरून त्यांस द्रव्याची धास्ती होती हें उघड दिसतें. हल्लीं पोस्टानें काळ्या पुड्या पाठविणाऱ्यांस ती आहे कीं नाहीं, शंका वाटते.

गेलीं नऊ वर्षें आम्ही मेथोट्रेक्सेटवर आहों. आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची ही गोळी चुकून रोज घेतली गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून आमच्या घरीं ती रविवारीं, कुटुंबाच्या हातूनच मिळते, व डबीस कुलूप असतें. सोमवारीं मळमळ; अन्नावरची वासना जाते. ठराविक मुदतीनें यकृत व रक्त तपासून घ्यावें लागतें. ह्या औषधाच्या जन्मांतहि आपल्या देशाचा धागा आहे. आंध्रांतील भीमवरम् येथें जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव हे अमेरिकेंत लेडर्ले प्रयोगशाळेंत ज्या संशोधनाचे प्रमुख होते त्यांतूनच अमिनोप्टेरिन व मेथोट्रेक्सेट निघालीं. हीं औषधें प्रथम रक्ताच्या कर्करोगासाठीं होतीं. सांधेदुखीच्या रोग्यांस अमिनोप्टेरिन देतांना त्यांपैकीं एकाचा सोरायसिस मिटलेला गब्नर यांस आढळला, तें त्यांनीं १९५१ मध्यें प्रसिद्ध केलें. सुब्बाराव १९४८ मध्येंच वारले होते. त्या प्रकरणाचीं साधनें आम्ही जमवीत आहों. पुढील तपासणींत यकृतानें साथ दिली तर तो लेख ह्याच त्रैमासिकाकडे पाठवूं.